आगाऊ भरलेले हप्ते

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका माझ्या मुलापेक्षाही लहान आहे. तिनं फोन करून फर्मावलं, "काकू, यंदा तुम्ही तुमच्या जॉबवर लिहायचं. रेसिपी नको." मागची तीन वर्षं मी या अंकात रेसिपीच दिल्या होत्या, आणि गेल्या वर्षीच्या अनारशांनी दोन घरांत चांगलीच फजिती केली, असं माझ्या कानावर आलं आहे. त्यामुळं हा बदल झाला असावा.

पण माझ्या नोकरीबद्दल आपल्या लोकांना सांगायचं तरी काय? कर्ज म्हटलं की आपली मंडळी घसा खाकरून विषय बदलतात. घरासाठी काढलेलं चालतं, शिक्षणासाठी काढलेलं मात्र कुणाला सांगायचं नसतं. एवढी वर्षं मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी "फायनान्समध्ये आहे" असं सांगून सुटका करून घ्यायचे, आणि मग लोक मला कुठले शेअर्स घेऊ ते विचारायचे.

तर आता सांगते. मी इथं मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला एका ना-नफा सल्ला केंद्रात काम करत होते. बसस्टॉपच्या समोर, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. ज्यांनी कॉलेजसाठी सरकारी कर्ज घेतलंय त्यांना फुकट सल्ला द्यायचा, हे आमचं काम. येणारी माणसं आधीच घाबरलेली असायची, त्यात खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा. मी टेबलावर चिवड्याची बरणी ठेवायचे. दोन घास तोंडात गेले की माणूस जरा नीट बोलतो, हे मला नागपूरला आईच्या शिवणकामाच्या गिऱ्हाइकांवरून ठाऊक होतं. चिवडा तिखट लागून डोळ्यांत पाणी आलं की बाकीचं रडूही त्यातच उरकून घेता येतं, हे मात्र मला इथं आल्यावर कळलं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त लोक यायचे ते लोकसेवेच्या कर्जमाफीसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरकारचं म्हणणं असं, की तू शाळेत शिकवतोस, आग विझवतोस, सरकारी दवाखान्यात काम करतोस, म्हणजे तुझा पगार बेताचाच असणार. तर असं काम तू दहा वर्षं कर. पगाराच्या मानानं जो हप्ता बसेल तो दर महिन्याला भरत जा. असे एकशेवीस हप्ते झाले की उरलेलं कर्ज आम्ही सोडून देऊ. ऐकायला किती सरळ वाटतं! पण कर्ज बरोबर प्रकारचं असायला हवं, हप्त्याची योजना बरोबर हवी, नोकरी पूर्णवेळ हवी, आणि पगार देणाराही बरोबर हवा. यातलं काही एक चुकलं तरी तुमचे पैसे ठरल्याप्रमाणे जातात, पण तो महिना दहा वर्षांच्या मोजणीत धरला जात नाही. हप्ता भरणं वेगळं आणि हप्ता धरला जाणं वेगळं, एवढी एक गोष्ट समजावून सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली.

गमती पुष्कळ व्हायच्या. एकदा एक उंच, लाजाळू माणूस आला. हातातली टोपी गोल फिरवत म्हणाला, "मॅम, माझं गिऱ्हाईक जिवंत नसतं. हे पब्लिक सर्व्हिसमध्ये धरतात का?" तो गावच्या दफनभूमीत कबरी खणायचा. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकला होता, हे त्याच्या कर्जाच्या आकड्यावरूनच कळत होतं. मी विचारलं, "पगार कोण देतं?" तो म्हणाला, "गाव." मग धरतात! काम काय करता हे बघतच नाहीत, पगार कुणाच्या तिजोरीतून येतो तेवढंच बघतात. त्याच महिन्यात शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ आले. रोज सकाळी बर्फातून गावची पोरं शाळेत नेऊन सोडायचे. पण त्यांना पगार द्यायचा तो कंत्राटदार, म्हणून त्यांना माफी नाही. त्यांना हे सांगताना मलाच लाज वाटली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना मला विचारलं, "तुमची कार बर्फात नीट चालते ना? टायर एकदा तपासून घ्या."

आणि एक लायब्ररीतली बाई होती. लहान मुलांच्या विभागात, गोष्टी सांगायची. सात वर्षं न चुकता हप्ते भरले, पण तिचं कर्ज जुन्या प्रकारचं होतं, खासगी बँकेतून आलेलं. त्यातला एकही हप्ता धरला गेला नव्हता. कर्ज बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. मी हे सांगितलं तेव्हा ती सँडविच खात होती, तिची ती जेवणाची सुट्टी होती. तिनं सँडविचचा अर्धा भाग मला दिला आणि म्हणाली, "असू दे. मुलांना सांगायच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत." पुढं काही वर्षांनी नियम सैल झाले आणि तिच्यासारख्यांची जुनी वर्षं धरली जाऊ लागली, तेव्हा मी धावत त्या लायब्ररीत गेले. ती नोकरी सोडून गेली होती. कुठं, ते कुणाला माहीत नव्हतं. मी अजूनही तिथं पुस्तक बदलायला गेले की आधी त्या मुलांच्या कोपऱ्यात डोकावते.

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. केंद्र चालू आहे, पण आता सगळा सल्ला व्हिडिओवर देतात, खोल्या सोडून दिल्या. मंगळवारी दुपारी, आमच्या फोनवरच्या सल्ल्याच्या वेळी, घरातला फोन वाजला की मी अजूनही "लोन सेंटर" म्हणून उचलते, आणि आमचे हे आतून ओरडतात, "अगं, माझी बहीण असेल!" खरं सांगायचं तर मला त्या माणसांची फार आठवण येते. त्यांतल्या एका बापलेकीची गोष्ट सांगायची म्हणूनच मी हा लेख कबूल केला. दोघांना विचारून लिहीत आहे. नावं बदलली आहेत.

जुई कदम मला मावशी म्हणते, कारण तिची आई सुनंदा माझी मैत्रीण. कदम मूळचे साताऱ्याकडचे. इथं मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. जुई त्यांची एकुलती एक. तिनं लॉ स्कूलला जायचं ठरवलं तेव्हा त्या घरात मोठा तमाशा झाला. वकील व्हायला कदमांची हरकत नव्हती. कंपन्यांची वकील हो म्हणत होते. पण जुईला पब्लिक डिफेंडर व्हायचं होतं. ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांची बाजू मांडायला सरकार जो वकील देतं, तो. "चोरांची वकिली करायला मी एक डॉलर देणार नाही," कदम म्हणाले. "नको देऊस," जुई म्हणाली, आणि सगळं कर्ज स्वतःच्या नावावर काढून मोकळी झाली.

तिला नोकरी लागली ती मिशिगनच्या पार उत्तरेला, दोन सरोवरांमधल्या मोठ्या पुलापलीकडं. नोव्हेंबरात पडलेलं बर्फ एप्रिल आला तरी तिथून हलत नाही. ॲन आर्बरहून गाडीनं निघालं तर दिवस मोडतो. "त्या गावात मी पाय ठेवणार नाही," असंही कदम रागाच्या भरात म्हणाले होते. माणूस शब्दाचा पक्का, त्यामुळं पंचाईत झाली. जुई दिवाळीला आणि उन्हाळ्यात चार दिवस येऊन जायची, पण कदम कधी तिकडं गेले नाहीत.

जुईच्या नोकरीला तिसरं वर्ष लागलं आणि सुनंदा गेली. दिवसपाणी झाल्यावर जुई माझ्याबरोबर भांडी आवरत होती. तेव्हा तिनं मला तिचा बेत सांगितला. दहा वर्षं तिथं काढायची, कर्ज माफ झालं की परत यायचं आणि ॲन आर्बरमध्ये स्वतःची छोटी प्रॅक्टिस सुरू करायची, बाबांच्या जवळ. मधेच आली तर जमणार नव्हतं. खासगी वकिलीला माफी लागू नाही, आणि इकडच्या सरकारी कचेरीत जागा निघतच नव्हत्या. "टेन यर्स, मावशी," ती म्हणाली. "देन आय कम होम."

हेच तिनं बाबांनाही सांगितलं असावं, कारण त्यानंतर कदम भेटतील त्याला "जुई येणारच आहे" असं सांगू लागले. रस्त्याकडची खोली त्यांनी रिकामी केली. वकिलीच्या पुस्तकांची लांबीरुंदी काढून स्वतःच्या हातानं शेल्फं बसवली. एकदा गणपतीच्या जेवणाच्या रांगेत त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "वहिनी, अशिलांना बूट बाहेर काढायला सांगितलं तर वाईट दिसेल का हो?" मी म्हटलं, आधी अशील तर येऊ द्या.

जुई रीतसर आमच्या केंद्राची अशील झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. इतकी वर्षं ती कोर्टकचेरीच्या रगाड्यात होती. नोकरीचा दाखला दर वर्षी पाठवायचा असतो, तो तिनं कधीच पाठवला नव्हता. दहापैकी आठ वर्षं उलटून गेल्यावर तिनं सगळे दाखले एकदम पाठवले. उलट उत्तर आलं, की तुमचे निम्म्याहून कमी हप्ते धरले आहेत. तिनं मला फोन केला. "मावशी, आय पेड एव्हरी मंथ. एव्हरी सिंगल मंथ. माझ्या बँकेतून ऑटोमॅटिक जातं ते."

मी सगळं तपासलं. कर्ज बरोबर, योजना बरोबर, नोकरी तर सरकारी, त्यात शंकाच नाही. कर्ज सांभाळणारी जी कंपनी असते, तिथल्या लोकांना तीनदा फोन केला. ते एवढंच म्हणाले, की ते महिने पात्र नाहीत. का, ते सांगायला कुणी तयार नाही. जुई भाड्याची घरं बदलत राहायची, म्हणून तिनं बिलांसाठी ॲन आर्बरचा, बाबांच्या घरचा पत्ता दिला होता. ती स्वतः बिलं कधी बघायची नाही. बँकेतून हप्ता जातोय म्हणजे सगळं सुरळीत, असं तिला वाटायचं.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी जुईचा पुन्हा फोन यायचा होता, तिच्या कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत. त्याच्या थोडं आधी दार उघडलं आणि कदम आत आले. टोपीवर बर्फ, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. माझ्या ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते.

"वहिनी, जरा खासगी विचारायचं होतं," ते बसत म्हणाले. "जुईला सांगायचं नाही. मी तिच्या कर्जाला थोडा हातभार लावतोय. सुनंदा गेली त्या वर्षापासून."

"हातभार म्हणजे?"

"बिल घरी येतं ना, त्यावर खात्याचा नंबर असतो. मी आपला त्या नंबरावर चेक पाठवतो. साडेतीन मुहूर्तांना. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. आणि दिवाळीच्या पाडव्याला अर्धा."

"अर्धा का?"

"अर्धाच मुहूर्त ना तो!" ते म्हणाले, जसं काही हे सगळ्या जगाला माहीत असायला हवं. "चांगल्या दिवशी दिलेले पैसे लवकर लागू पडतात असं आमची आई म्हणायची. आणि खरंच लागू पडले हो. आता बिल येतं त्यावर देय रक्कम शून्य असते. महिनोन्‌महिने शून्य! मी ते बिल आधी सुनंदाच्या फोटोपुढं ठेवतो. तर म्हटलं, तुम्ही या कामातल्या, तुम्हालाच विचारावं. दहा वर्षांतली किती कमी झाली?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. जुईचे बुडालेले महिने कुठं गेले ते मला कळलं होतं. हे आमच्या धंद्यातलं एक जुनं दुखणं आहे. ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले की कंपनी ते पुढच्या महिन्यांचे हप्ते म्हणून आगाऊ जमा करून घेते. मग त्या महिन्यांत तुम्ही काहीच देणं लागत नाही. आणि देणं नसताना भरलेला हप्ता मोजणीत धरत नाहीत. जुईचा हप्ता लहान, कदमांचा चेक मोठा. पाडव्याचा चेक उन्हाळा खाऊन टाकायचा, दसऱ्याचा चेक हिवाळा. तिच्या बँकेतून पैसे नेमानं जात होते आणि एकही महिना तिच्या पदरात पडत नव्हता. आमच्याकडं आलेल्या इतक्या लोकांत असं पंचांग बघून स्वतःच्या मुलीची वर्षं बुडवलेला बाप मी दुसरा पाहिला नाही.

मला ते त्यांना सांगावं लागलं. मी हळूहळू, सोप्या शब्दांत सांगितलं. कारखान्यातला माणूस, त्यांना एकदाच सांगावं लागलं. डब्याचं झाकण ते नुसतं दाबत राहिले.

"म्हणजे पैसे गेले?" त्यांनी विचारलं.

"पैसे कर्जातच गेले. पण जे कर्ज पुढं माफच होणार होतं त्यात."

"पैशांचं राहू द्या. महिने?"

"महिने गेले, कदम."

"किती?"

"आतापासून धरलं तर अजून सात वर्षं तरी लागतील."

खाली दंतवैद्याचं मशीन चालू होतं. कदम म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिला हे सांगू नका." मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुमची गोष्ट आहे ती. पण आता पाच मिनिटांत तिचा फोन येईल, आणि ती विचारेल का झालं, तेव्हा मला माहीत नाही असं मी म्हणणार नाही. ती माझी अशील आहे." त्यांनी उठून जायला कोट हातात घेतला, आणि तेवढ्यात फोन वाजला. ते कोट हातात धरून तसेच उभे राहिले. मी स्पीकर लावला.

"जुई, बाबा इथं आहेत."

"बाबा? व्हाय? इज ही ओके?"

"मी ठीक आहे," कदम म्हणाले, आणि उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. कारखान्यात यंत्र कुठं आणि का बिघडलं याचा अहवाल द्यावा तसं क्रमानं सांगितलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. मोठी आहे."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"सिन्स आई?" तिनं विचारलं.

"हो. तेव्हापासून."

"यू सेड नॉट वन डॉलर."

"म्हटलं होतं."

"सो ऑल धिस टाइम तू माझ्या चोरांसाठी पैसे देत होतास?"

"तुझ्यासाठी देत होतो," कदम म्हणाले. "तू लवकर यावीस म्हणून."

ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. मग तिनं नाक पुसलेलं ऐकू आलं. "मावशी, किती वर्षं?" मी सांगितली. आम्ही तक्रार करू, पण आजच्या नियमात फारशी आशा नाही, हेही सांगितलं. "ओके," ती म्हणाली. "ओके. आय हॅव कोर्ट अॅट वन. बाबा, जेवलास का तू?"

कदम जेवले नव्हते. जेवलो म्हणाले.

जाताना दाराशी थांबून त्यांनी मला विचारलं, "मग आता गुढीपाडव्याला काय करू?"

"काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तेच करायचं आहे." एवढं अवघड काम मी आयुष्यात कुणाला सांगितलं नसेल. त्या पाडव्याला सकाळी सहा वाजता त्यांचा मला फोन आला होता, नुसताच शुभेच्छांचा.

जुईनं सात वर्षं आणखी काढायची म्हटल्यावर भाड्याच्या घरात दिवस ढकलणं सोडून दिलं. तळ्याकाठी एक लहानसं घर घेतलं. एक म्हातारी कुत्री पाळली. कचेरीची प्रमुख झाली. नव्या वकिलांना हाताखाली घेऊ लागली. तिथल्या चर्चच्या गायनवृंदातसुद्धा गाते म्हणे, श्रद्धा म्हणून नाही, हिवाळ्यात संध्याकाळी माणसं भेटतात म्हणून. हे सगळं ती मला फोनवर सांगायची आणि मी मनात खूश व्हायचे. त्याचा पुढं काय अर्थ होईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग महामारी आली. सगळ्या देशाचे हप्ते थांबले. त्यानंतर सरकारनं नियम सैल केले आणि काही जुन्या चुका पोटात घातल्या. आगाऊ भरल्यामुळं बुडालेले महिने धरायचे असं ठरलं. ती बातमी वाचल्यावर मी चहा तसाच टाकून जुईला फोन लावला. सगळे कागद पुन्हा पाठवले. पाठपुरावा करताना त्या कंपनीतल्या एका मुलाचा आवाज माझ्या इतका ओळखीचा झाला, की त्याच्या लग्नाची तारीखही मला कळली होती. शेवटी उत्तर आलं. सगळे महिने धरले होते. जुईचं सगळं कर्ज माफ झालं होतं. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडं बघून एकटीच हसत राहिले. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात गोड दिवस.

मला वाटलं कदम पेढे घेऊन येतील. दोन आठवडे झाले तरी ते आले नाहीत. मग एका दुपारी आले, रिकाम्या हातानं. माझी निवृत्ती जवळ आली होती, खोल्या रिकाम्या होत होत्या. दोन खोक्यांच्या मधे खुर्ची सरकवून ते बसले.

"माफ झालं म्हणे," ते म्हणाले.

"झालं की! तुम्हाला सांगितलं ना तिनं?"

"सांगितलं. ती येत नाहीये, वहिनी."

मी हातातली फाईल खोक्यावर ठेवली.

"तिथंच राहते म्हणाली. माझी माणसं इथं आहेत, बाबा, म्हणाली. माझं काम इथं आहे. रागावून नाही म्हणाली, चांगलं बोलली. मीही म्हटलं, बरोबर आहे तुझं." त्यांनी चिवड्याची बरणी जवळ ओढली, पण खाल्लं नाही. "तुम्हाला एक सांगतो. कर्ज होतं तोवर मला बरं होतं. कुणी विचारलं, जुई का येत नाही, तर म्हणायचो, कर्जापायी अडकलीय. रात्री स्वतःलाही तेच सांगायचो. आता ती मोकळी आहे. मोकळी असून तिथं राहतेय. आता मी काय सांगू?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. "कदम, आमचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला आहे. त्याच्या डोक्यावर आम्ही एक डॉलरचं कर्ज ठेवलं नाही. तो पहिल्या दिवसापासून मोकळा आहे. वर्षातून एकदा येतो, आणि आला की दुसऱ्या दिवसापासून परतीचं चेक-इन बघतो."

ते ऐकून त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. माणसं अशीच असतात, आणि मला राग आला नाही.

"ती तुम्हाला तिकडं बोलावत नाही का?" मी विचारलं.

"बोलावलंय. 'बाबा, तू ये' म्हणाली."

"मग?"

"पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, ते सोडा. किती दिवसांसाठी ते नाही म्हणाली."

"विचारायचं ना!"

"कसं विचारू? चार दिवस म्हणाली तर?" ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही विचारता का? तुमचं ती ऐकते. तुमचं ऑफिसही अजून चालू आहे."

लोकांच्या वतीनं कंपनीला फोन लावून अवघड प्रश्न विचारायचे, हे मी वर्षानुवर्षं केलं होतं. हा फोन मात्र मी नंबर दोनदा बघून लावला. या वेळी स्पीकर लावला नाही. जुईनं उचलला. मी म्हटलं, बाबा इथं बसलेत आणि तिकडं यायचं म्हणतायत, पण किती दिवसांची तयारी करून यायचं ते त्यांना कळत नाहीये.

जुई म्हणाली, "मावशी, त्याला सांग, मोठा कुकर घेऊन ये. इकडे तसा मिळत नाही."

मी फोन ठेवला. कदम माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय म्हणाली?"

"मोठा कुकर आणा म्हणाली."

"मोठा?"

"मोठा."

त्यांनी त्यावर बराच विचार केला. "चार दिवसांसाठी कुणी मोठा कुकर मागवत नाही, वहिनी," ते म्हणाले. उठले, कोट चढवला, बटणं वरखाली लावली. मग एकदम घाईघाईनं विचारू लागले, की त्या कुकरची रिंग गेली आहे, नवी इथं कुठं मिळेल. मी दुकानाचं नाव सांगितलं. ते दोनदा म्हणून पाठ केलं आणि जिना उतरून गेले. आणि खरं सांगते, मला त्यांचा फार हेवा वाटला.